रिकाम्या जागेची किंमत : राखीव क्षमतेचा इतिहास

(चांदीप येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, 'खासगी क्लाउडमधली राखीव क्षमता'. फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, लोक दिवसभर भाताची झोडणी करून येणार आहेत, जरा बघा." मी म्हटलं, मग भातापासूनच सुरू करतो. (हशा)

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे सांगायला नको. भात घरात आलं की त्यातलं बियाणं आधी बाजूला काढतात. वर्षभर कितीही ओढ लागली तरी त्याला हात लावत नाहीत. ते कोणाच्या पोटात जात नाही, बाजारातही जात नाही. शहरातून आलेल्या पाहुण्याला वाटेल की हे उगाच पडून आहे. घरच्या बाईला विचारा, ती सांगेल ते कशासाठी आहे.

आजचा विषय एवढाच आहे. वापरात नसलेली वस्तू कामाची असते का? असेल तर किती ठेवायची, तिचा खर्च कोणी सोसायचा, आणि वेळ आली की ती वापरायचा निर्णय कोणी घ्यायचा? या प्रश्नांना शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या मुंबईच्या आसपास घडलेला आहे.

सुरुवात विजेपासून करू. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. घाटावर पाणी अडवायचं, खाली सोडायचं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. पुढे १९२२ ला भिवपुरी आलं, १९२७ ला भिरा. एकाच केंद्रावर शहर अवलंबून ठेवलं तर एका बिघाडात सगळं बंद. तीन केंद्रं तारांनी एकमेकांना जोडली की एक पडलं तरी बाकीची भार उचलतात. मात्र ती उचलणार कधी? त्यांच्यात तेवढी मोकळीक शिल्लक असेल तरच. तिन्ही जर पूर्ण भरून चालत असतील, तर एक पडल्यावर त्याचा भार उरलेल्या दोघांवर येतो आणि तीही पडतात. म्हणजे नुसतं जोडून भागत नाही. जोडलेल्या यंत्रणेत मोकळीक नसेल तर बिघाड एका ठिकाणाहून दुसरीकडे पसरतो. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे ती तीनदा येणार आहे.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा कॉम्प्युटर १९६० साली कामाला लागला, आणि १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० हे अमेरिकन मशीन आलं. तेव्हाची पद्धत अशी की कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि आपल्या नंबराची वाट बघायची. मशीन एक, माणसं अनेक. मशीन बंद पडलं की सगळे बसून.

त्याच दशकात अमेरिकेत आयबीएमच्या केंब्रिजमधल्या केंद्रात काही इंजिनिअरांनी एक वेगळीच युक्ती केली. एकाच मशीनवर असं सॉफ्टवेअर बसवायचं की प्रत्येकाला वाटावं, अख्खं मशीन माझ्या एकट्याचं आहे. त्याची स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम. या प्रयोगाचं नाव सीपी-४०, आणि तो १९६७ च्या सुरुवातीला चालू झाला. १९७२ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने 'व्हीएम/३७०' नावाने तो बाजारात आणला. व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन. आज क्लाउड क्लाउड म्हणून जे चाललंय त्याचं मूळ इथे आहे. चाळीतली एक मोठी खोली, तिच्यात पार्टिशन टाकून चार बिऱ्हाडं, आणि प्रत्येकाला स्वतंत्र दार. शेजाऱ्याचा आवाजही येत नाही, एवढाच काय तो चाळीतला आणि यातला फरक. (हशा)

पण यात एक धोका लपलेला होता. खोलीचं छत कोसळलं तर चारही बिऱ्हाडं एकदम रस्त्यावर. व्हर्च्युअल मशीनने जागेचा प्रश्न सोडवला आणि बिघाडाचा प्रश्न मोठा केला. पूर्वी एक मशीन गेलं की एक काम थांबायचं, आता एक मशीन गेलं की तीस-चाळीस कामं थांबणार.

यावर उपाय दोन परंपरांनी शोधला. पहिली परंपरा म्हणजे सगळं दोन-दोन ठेवायचं. टँडम नावाची कंपनी १९७४ मध्ये अमेरिकेत निघाली, आणि दोन वर्षांनी तिचं पहिलं 'नॉनस्टॉप' मशीन एका बँकेला मिळालं. प्रोसेसर एकाहून अधिक, डिस्क दोन, वीजपुरवठाही दोन. एक भाग मेला तरी काम चालूच. हे आपल्या मुंबईत आलं शेअर बाजारात. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये शेअर्सचे व्यवहार १९९४ च्या नोव्हेंबरात स्क्रीनवर सुरू झाले, ते स्ट्रॅटस कंपनीच्या अशाच न थांबणाऱ्या मशीनवर. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मुंबई शेअर बाजाराची 'बोल्ट' यंत्रणा आली, ती टँडमवर. दलाल स्ट्रीटवरचा ओरडा थांबला आणि त्याची जागा या जोडमशीनने घेतली. सोय उत्तम, पण किंमत बघा. शंभर रुपयांचं काम, त्यासाठी दोनशेची यंत्रणा. शेअर बाजाराला आणि बँकेला हे परवडतं. सहकारी पतपेढीला, नगरपालिकेला, तालुक्याच्या रुग्णालयाला परवडत नाही.

दुसरी परंपरा स्वस्त होती. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात व्हीएमवेअर कंपनी निघाली. आयबीएमची जुनी युक्ती तिने साध्या, बाजारात मिळणाऱ्या सर्व्हरवर आणली. त्या काळात कंपन्यांमध्ये एका कामाला एक सर्व्हर असायचा आणि तो दिवसभरात दहा-पंधरा टक्के वापरला जायचा. म्हणजे मोकळीक भरपूर होती, फक्त ती विखुरलेली होती. प्रत्येकाच्या घरात एक रिकामं कपाट आणि गावात धान्य ठेवायला जागा नाही, अशी गत. व्हीएमवेअरने ही कपाटं एकत्र केली. २००३ मध्ये तिने चालू व्हीएम बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवून दाखवलं. २००६ मध्ये 'हाय अव्हेलेबिलिटी', म्हणजे एच-ए, ही सोय आली.

एच-ए कसं चालतं ते सोप्या शब्दांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. समजा चार सर्व्हर एका क्लस्टरमध्ये आहेत. आमच्या भाषेत त्यांना होस्ट म्हणतात. ते सतत एकमेकांना 'मी आहे, मी आहे' असा निरोप देतात. एकाचा निरोप थांबला की बाकीचे खात्री करून घेतात, नेटवर्क तुटलंय की होस्टच गेलाय. होस्ट गेला असेल तर त्याच्यावरच्या व्हीएम उरलेल्या तिघांवर पुन्हा सुरू केल्या जातात. नीट ऐका, *पुन्हा सुरू*. टँडमसारखं अखंड नाही. वीज जाऊन आल्यावर कॉम्प्युटर चालू होतो तसं. काही मिनिटं जातात, पण मध्यरात्री कोणाला उठून धावायला लागत नाही.

आता हिशेब करू. चार होस्ट, प्रत्येकी २५६ जीबी मेमरी. एकूण १०२४. एक होस्ट जाऊ शकतो असं धरलं तर वापरायला किती? तिघांची, म्हणजे ७६८. चौथा हिस्सा, २५ टक्के, रिकामा ठेवायचा. क्लस्टर दहा होस्टचा असेल तर दहा टक्के ठेवून भागतं. सगळं दोन-दोन ठेवण्यापेक्षा हे किती स्वस्त आहे बघा. यालाच 'एन अधिक एक' म्हणतात. गरजेपुरते एन, आणि वर एक.

ही रिकामी जागा राखण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक पहारेकरी दिलेला आहे. त्याचं नाव ॲडमिशन कंट्रोल. राखीव हिस्सा खाणारी नवी व्हीएम चालू करायला गेलात की तो अडवतो. त्याला तीन प्रकारे सांगता येतं : इतके होस्ट गेले तरी चाललं पाहिजे, किंवा इतके टक्के राखून ठेव, किंवा हा एक होस्ट पूर्ण रिकामा ठेव. पण या पहारेकऱ्याची एक खोड आहे. कोणी प्रत्यक्षात किती खातंय हे तो मुळात बघत नाही, तुम्ही कोणाच्या नावावर किती *आरक्षण* लिहून दिलंय ते बघतो. आरक्षण लिहिलंच नसेल तर त्याच्या वहीत सगळं रिकामं दिसतं. मग तो हजार पाहुण्यांना आत सोडतो आणि पंगतीला पानं तीनशे.

त्यात आणखी एक सवय जडली. व्हीएमला सांगायचं तुला १६ जीबी दिली, आणि ती वापरते ६. मग उरलेली १० दुसऱ्याला द्यायची. कार्ल वाल्डस्पर्गर या इंजिनिअरने २००२ मध्ये एक निबंध वाचला, त्यात हे कसं करायचं ते फार हुशारीने मांडलंय. सारखीच पानं एकदाच साठवायची, मेमरीत फुगा फुगवून न लागणारी जागा परत घ्यायची, अगदीच गळ्याशी आलं तर डिस्कवर टाकायची. ही पद्धत उत्तम आहे. रोजच्या दिवसाला उत्तम आहे. बिघाडाच्या दिवशी सगळे एकदम उठतात, आपापला पूर्ण वाटा मागतात, आणि तेव्हा कळतं की एकच जागा दोघांना दिली होती.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. कंपनीचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. आमचा असाच चार होस्टचा क्लस्टर. एका प्रकल्पाला तातडीने मशीनं हवी होती, नवीन सर्व्हरची खरेदी तीन महिने अडकलेली. पहारेकरी अडवत होता. वरून विचारणा झाली, "जागा दिसतेय ना रिकामी? मग देत का नाही?" मी चार-पाच दिवस नाही म्हटलं. मग एका संध्याकाळी ॲडमिशन कंट्रोल बंद केलं. मनात म्हटलं, नवीन सर्व्हर आले की परत चालू करू. ते कोणाला लेखी कळवलं नाही. क्लस्टर ८५ टक्क्यांवर गेला, म्हणजे ८७० जीबी.

दीड महिना काही झालं नाही. तो दीड महिना सगळ्यात वाईट, कारण त्यात माझी खात्री पटली की काही होत नाही. मग महिनाअखेरीला, पगाराच्या आदल्या रात्री दोन वाजता एका होस्टचा मदरबोर्ड गेला. एच-एने आपलं काम केलं. ८७० जीबीचं ओझं ७६८ वर टाकलं. शंभरावर जीबी कमी. व्हीएम सुरू झाल्या, पण सगळ्या डिस्कवर मेमरी टाकू लागल्या. ज्या होस्टना काही झालं नव्हतं त्यांच्यावरची कामंही रांगायला लागली. कोण आधी उठावं हा क्रमही आम्ही लावला नव्हता, त्यामुळे चाचणीची मशीनं आधी उठून बसली आणि पगाराचा डेटाबेस मागे राहिला. मी विरारला घरात बसून, फोन कानाला, एकेक चाचणीचं मशीन बंद करत होतो. सकाळी सहाला गाडी रुळावर आली. पगार झाले, दुपारी. कोणाचा हप्ता त्या दिवशी चुकला असेल तर तो माझ्यामुळे.

खोपोली-भिवपुरी-भिराचं मी म्हटलं होतं ना, तेच इथे झालं. जोडलेलं होतं, पण मोकळीक नव्हती. एकाचा बिघाड तिघांवर पसरला.

आता तुम्हा सगळ्यांना आठवत असलेला दिवस. १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचा काळ, रुग्णालयं भरलेली. मुंबईसाठी १९८१ पासून एक खास व्यवस्था आहे, आयलँडिंग. बाहेरचं जाळं कोसळलं तर शहराने स्वतःला त्यापासून तोडून घ्यायचं आणि आतल्या केंद्रांवर तग धरायचा. चाळीस वर्षांत ती अनेकदा कामी आली. त्या दिवशी पुरली नाही. आत तयार होणारी वीज आणि शहराची मागणी यांत अंतर फार होतं. आणि बाहेर काय झालं होतं? कळवा-पडघा मार्गावर एक सर्किट देखभालीसाठी बंद होतं. भार दुसऱ्यावर होता. दुसऱ्यात बिघाड झाला.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. कारण आम्ही दर महिन्याला हेच करतो. एक होस्ट देखभालीला काढतो. त्या दोन तासांत 'एन अधिक एक'मधला 'एक' खर्च झालेला असतो. कागदावर राखीव आहे, प्रत्यक्षात नाही. म्हणून शहाणी माणसं 'एन अधिक दोन' ठेवतात : एक बिघाडासाठी, एक देखभालीसाठी. आणि प्रत्येक वर्षी मागणी वाढली की हिशेब परत मांडतात. १९८१ ला पुरणारी राखीव २०२० ला पुरेलच असं नाही. मोजमाप जुनं झालं तरी नाव तेच राहतं, त्यामुळे आपण निर्धास्त असतो.

राखीव कुठे ठेवायची, हाही प्रश्न आहेच. २०१८ च्या जुलैत आपल्या वसई-विरारमध्ये काय झालं ते मी तुम्हाला काय सांगणार. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, गाड्या बंद, कित्येक भागांत वीज नाही. अशा वेळी तुमचा मुख्य सर्व्हर तळमजल्यावर आणि राखीव सर्व्हरही शेजारच्याच खोलीत असेल, तर दोघांनाही एकच पाणी लागणार. आणि नुसतं पाणीच नाही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. पाच माणसं गेली. वरच्या मजल्यांवरची दालनं आणि त्यांतल्या कागदी फायली जळाल्या. ज्या फाइलची प्रत दुसऱ्या जागी नव्हती ती कायमची गेली. त्यानंतर सरकारी कामात ई-ऑफिसचा आग्रह वाढला आणि कागद स्कॅन करण्याचं महत्त्व सगळ्यांना पटलं. पटायला आग लागली.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ऑक्टोबरच्या त्या वीजबंदीत शेअर बाजार चालूच राहिले होते. त्यांची तयारी चोख होती. चार महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२१ ला, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने व्यवहार थांबवले. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या टेलिकॉम लाइन होत्या, म्हणजे राखीव होतीच. पण रस्त्यावरच्या खोदकामामुळे दोन्ही एकाच सुमारास डळमळल्या. तेवढ्यानेही बंद पडायला नको होतं. पण त्या धक्क्यात डेटा साठवणारी स्टोरेज यंत्रणाच प्रतिसाद देईनाशी झाली, आणि जोखीम मोजणारी यंत्रणा अंध झाली. ती अंध असताना सौदे चालू ठेवणं धोक्याचं.

दूर चेन्नईला एक पूर्ण पर्यायी केंद्र तयार होतं. तिकडे जायचं की इथेच दुरुस्त करायचं? 'आत्ता होईल, आत्ता होईल' करत बाजाराने इथेच दुरुस्तीची वाट धरली. व्यवहार सुरू झाले पावणेचारला, आणि मग पाचपर्यंत वाढवले. मधल्या चार तासांत ज्यांचे सौदे अडकले त्यांनी काय सोसलं ते त्यांनाच माहीत.

सेबीने यातून काय धडा घेतला बघा. पुढच्याच महिन्यात नियम काढला. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर तीस मिनिटांच्या आत ती आपत्ती म्हणून जाहीर करायची, आणि जाहीर केल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत पर्यायी केंद्रावर काम सुरू करायचं. यात नवं यंत्र काही नाही. 'थोडं थांबून बघू' म्हणायची मुभा तेवढी काढून घेतली. आणि २ मार्च २०२४ ला, शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, बाजाराने खास सत्र भरवलं आणि त्यातला एक भाग पर्यायी केंद्रावरून चालवून दाखवला. खरे सौदे, खरे पैसे. राखीव वस्तू वापरून बघितल्याशिवाय ती आहे असं म्हणता येत नाही, हे त्यांनी मान्य केलं.

तर शंभर वर्षांचा हा हिशेब मी चार प्रश्नांत बांधतो. तुमच्यापैकी कोणी पतपेढीच्या संचालक मंडळावर असेल, कोणाचं रुग्णालय असेल, कोणाची मुलं ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरला कामाला जात असतील, त्यांनी हे विचारावं. एक, आपलं सगळ्यात मोठं यंत्र आत्ता, या क्षणी गेलं तर उरलेल्यांत त्याचं ओझं मावेल का? आकडा दाखवा. दोन, जागा अपुरी पडली तर आधी कोण उठणार आणि कोण थांबणार, हे ठरलंय का? तीन, पर्यायी जागेकडे जायचं हे कोण ठरवणार आणि किती मिनिटांत? चार, शेवटची तालीम कधी झाली? या चार प्रश्नांना कोणी म्हणालं "काही काळजी नको, सगळं सेट आहे", तर काळजी करा.

आणि जो माणूस नाही म्हणतो, 'ती जागा रिकामी दिसते पण द्यायची नाही' म्हणतो, त्याच्या पाठीशी उभे राहा. त्याचं काम दिसत नाही. बिघाड झाला आणि कोणाला कळलाच नाही, हेच त्याचं यश. माझ्या वेळी मला एक जरी माणूस म्हणाला असता, "नको देऊ, मी वर बोलतो", तर ती रात्र टळली असती. आता मी स्वतः तसं म्हणायच्या वयाचा झालोय, म्हणून ठिकठिकाणी जाऊन हे बोलतो.

बियाण्याचं भात शिजवून खाल्लं तर त्या रात्री पोट भरतं. हिशेब मृगाला होतो. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा, शेवटची बस जायच्या आत. (टाळ्या)